सही-शिक्क्याची स्कॅन पीडीएफ आणि वेबसाइटवरच्या इतर चुका

संस्थांच्या वेबसाइट अंध आणि इतर दिव्यांगांना वापरता येतात का, हे मी लातुरात तपासून देतो. लातूर असो, नांदेड असो की परभणी, चुका त्याच त्या.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे सूचना टाईप करायची, प्रिंट काढायची, साहेबांची सही आणि शिक्का घ्यायचा आणि मोबाईलने स्कॅन करून पीडीएफ चढवायची. आपल्याला ती अक्षरं दिसतात, पण स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तो नुसता फोटो असतो. औसा तालुक्यातला एक पूर्ण अंध मुलगा अशीच भरतीची जाहिरात घेऊन माझ्याकडं आला होता. टॉकबॅकनं, म्हणजे अँड्रॉइड फोनमधल्या स्क्रीन रीडरनं, फाइलचं नाव वाचलं, 'पान 1' म्हटलं आणि गप्प. गावात कुणीतरी त्याला ती घाईघाईत वाचून दाखवली होती. लेखनिकासाठी वेगळा अर्ज करायचा, ही चौथ्या पानाच्या तळाची ओळ त्यात सुटली आणि परीक्षेला त्याला लेखनिक मिळाला नाही.

मी संस्थेकडून मूळ फाइल मागवली. ती निघाली युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे दिसायला मराठी पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. टॉकबॅक आता बोलायला लागला, पण काय? इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह. शेवटी चारही पानं मी युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केली. दुसऱ्या दिवशी त्यानं ती ऐकली. चौथ्या पानावर त्याचं बोट थांबलं, ती ओळ त्यानं दोनदा ऐकली आणि फोन खिशात ठेवला.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करायची आणि व्हॉट्सॲपमध्ये चिकटवायची. मराठी उमटलं तरच फाइल चढवायची. ओळ निवडताच येत नसेल तर तो फोटो आहे. सहीची प्रत हवीच असेल तर शेजारी ठेवा, पण वर्डमधून थेट सेव्ह केलेली फाइल आधी द्या.

दुसरी चूक कायदा अर्धवट ऐकण्याची. "वेबसाइट दिव्यांगांना वापरता यायला हवी, तो नियम कोर्टानं रद्द केला ना, मग आता कशाला?" असं मला तोंडावर सांगतात. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं दिव्यांग हक्कांच्या 2017 च्या नियमांतला 15(1) रद्द केला खरा, पण तो अशासाठी की मूळ कायदा, दिव्यांग हक्क अधिनियम 2016, सक्ती करतो आणि हा नियम नुसती शिफारस करत होता. सरकारला सक्तीचे नियम करायला सांगितलं. म्हणजे बंधन सुटलं नाही, आवळलं. 30 एप्रिल 2025 च्या निकालात तर डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्यासाठी, 'पापण्या मिचकावा' सांगितलं जात होतं, त्यातून ते प्रकरण उभं राहिलं. खासगी सेवा देणारेही 2016 च्या कायद्याच्या कलम 46 खाली येतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजीच ठेवली की मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जातो. पिवळ्यावर पांढरी अक्षरं नकोत, साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान 4.5:1 फरक लागतो. फक्त चित्राचा कॅप्चा (माणूसच आहे ना, हे तपासणारं कोडं) ठेवू नका. बटणाला नाव द्या, नाहीतर नुसतं 'बटण, बटण' ऐकू येतं.

एका ओळीच्या प्लगइननं (साइटला जोडायच्या तयार कोडनं) साइट सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याजोगी, होते, यावर माझा विश्वास नाही. अक्षर मोठं करणारं चिन्ह कोपऱ्यात बसतं, फॉर्म तसाच अडतो. नवीन मुलं 'आजच लाइव्ह करायचंय' म्हणतात, तेव्हा मी त्यांचा माउस काढून घेतो, एनव्हीडीए हा कॉम्प्युटरचा स्क्रीन रीडर चालू करतो, स्क्रीन बंद करतो आणि त्यांचाच फॉर्म टॅब दाबत भरायला लावतो. एनव्हीडीए फुकट आहे. अर्ज जमा झाल्याचं कानानं ऐकू आलं, की मग लाइव्ह.