आगटीवरचा हुरडा, लहानपणी भाजायचो तसा

थंडीत पोरांना घेऊन सोलापूरकडं गावाला जाणार असाल तर येळवस ते गड्ड्याची यात्रा (सोलापूरच्या सिद्धेश्वराची) या दिवसांत जा, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येपासून संक्रांतीपर्यंत. तेव्हाच ज्वारी हुरड्यात येते. पेरणी मागंपुढं झाली असेल तर थोडं पुढं सरकतं, म्हणून आधी फोन करून विचारा.

मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 ला भौगोलिक मानांकन मिळालंय, भाकरीला तिच्यासारखी ज्वारी नाही, पण हुरड्याला गुळभेंडी नाहीतर सुरतीच बघा. दाणा नखानं दाबायचा, नुसतं दूध आलं तर कोवळा आहे, भाजल्यावर आक्रसतो, आणि नख रुतलंच नाही तर उशीर झाला. हिरवागार आणि कणकेसारखा मऊ लागला की कणसं तोडायची, पण दांडा वीतभर ठेवून, तो धरूनच भाजायचंय.

आता आगटी. उभ्या पिकापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला घमेल्याएवढा उथळ खड्डा घ्या, त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवा. आणि मग थांबा! सगळा हुरडा इथंच बिघडतो. आम्ही पोरं जाळ दिसला की कणीस खुपसायचो आणि आज्जा हात धरून मागं ओढायचा, जाळात वरून करपतं आतून कच्चं राहतं म्हणून. धूर थांबून गोवऱ्यांवर पांढरी राख चढली, खाली लाल आर झाला, की मग कणसं त्यात सरकवायची आणि दांड्यानं फिरवत राहायची. भाजल्याचा वास येतो, दाणे थोडे तपकिरी दिसायला लागतात, लगेच काढा.

काढलं की गरम गरमच दोन्ही तळहातांत चोळायचं, गार झालं की दाणा सुटत नाही. हात भाजतात, त्यामुळं चोळायचं काम मोठ्यांचं, आमच्याकडं चुलते चोळायचे आणि आम्ही गोणपाटावर गोल करून ओंजळ पुढं करून बसायचो, कुणाचा नंबर आधी यावरून रोज भांडणं. खाली पडलेला हुरडा सुपात घेऊन फुंकायचा नाहीतर पाखडायचा, कूस उडून गेली पाहिजे, ती घशात टोचते.

सोबत शेंगाची चटणी (आमच्याकडची, खलबत्त्यात कुटून तेल सुटलेली), गूळ, घट्ट दही. शेजारच्या रानात हरभरा असला तर विचारून दोन डहाळे आणा. वरून पाणी ढोसू नका, ताक प्या, हुरडा पोटाला जड असतो आणि पोरं किती खातील सांगता येत नाही.

उरलेल्या आरात दोन वांगी आणि रताळी पुरून ठेवा, संध्याकाळी भरीत होतं. ती काढल्यावर आगटीवर पाणी मारून वरून माती ओढा, रात्री वारं सुटतं.