श्टुटगार्टमध्ये नवे असाल तर ६१ नंबरची बस पकडा

पुणे, नाशिक, मुंबईहून नोकरीला किंवा शिकायला श्टुटगार्टला आलेल्यांचे पहिले काही महिने घर शोधणं, पत्ता नोंदवणं आणि बँकेचं खातं उघडणं यांतच जातात. मग जोडून सुट्टी आली की पॅरिस, नाहीतर स्वित्झर्लंड. तेही जरूर पाहा. पण इथे चार-चार वर्षं राहून शहराभोवतीच्या द्राक्षबागांतून एकदाही न चाललेली आपली माणसं भेटतात, तेव्हा मला मनापासून हळहळ वाटते. या शहरात द्राक्षबागा थेट मुख्य रेल्वे स्टेशनच्या मागच्या टेकडीपर्यंत येऊन भिडल्या आहेत. गाडी लागत नाही, ट्रेकिंगचं सामान लागत नाही, आणि सह्याद्रीत किल्ले चढलेल्या माणसाला इथले चढ म्हणजे किरकोळ.

आधी तिकिटाचं पाहू. तुमच्याकडे डॉइचलांडटिकेट हा देशभर चालणारा मासिक पास असेल (२०२६च्या जानेवारीपासून महिन्याला ६३ युरो, काही कंपन्या त्यातला वाटा उचलतात, एचआरला विचारून घ्या), तर खाली सांगितलेल्या सगळ्या बस, एस-बान (उपनगरी रेल्वे) आणि प्रादेशिक गाड्या त्यातच आल्या. आई-बाबा किंवा सासू-सासरे उन्हाळ्यात आले की पाच जणांपर्यंतचं दिवसभराचं ग्रुप टागेसटिकेट काढा. एकेकट्याच्या फेऱ्यांची तिकिटं घेण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं.

सुरुवात रोटेनबेर्गपासून करा, असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. एस-१ने उंटरट्युर्कहाइमला उतरायचं. मर्सिडीजचा कारखाना इथलाच, त्यामुळे तुमच्यातल्या अनेकांचं हे रोजचंच स्टेशन असेल. स्टेशनसमोरून ६१ नंबरची बस द्राक्षमळ्यांमधून वळणं घेत वर रोटेनबेर्ग गावात जाते. तिथून दहा-पंधरा मिनिटांचा चढ चढला की ४११ मीटर उंचीच्या व्युर्टेमबेर्ग टेकडीच्या माथ्यावर तुम्ही एका घुमटाकार समाधिमंदिरासमोर उभे असता.

या टेकडीवर व्युर्टेमबेर्ग राजघराण्याचा मूळ किल्ला होता. राजा विल्हेल्म पहिला याने तो पाडला आणि तिथे आपल्या राणीसाठी, कॅथरीनासाठी, ही समाधी बांधली. राणी रशियाच्या झारच्या घराण्यातली. १८१९च्या जानेवारीत अवघ्या तिशीत ती गेली. आपल्या वाडवडिलांचा किल्ला उतरवून बायकोची समाधी बांधणारा राजा तुम्हाला दुसरीकडे सहसा सापडणार नाही. दारावर कोरलं आहे की प्रेमाला कधी अंत नसतो. इमारत १८२४मध्ये पूर्ण झाली, वास्तुकार जोव्हानी सालुची. आत गेलात तर हळू आवाजात दोन शब्द बोलून पाहा, घुमटाखाली ते छान घुमतात. सोमवारी आणि हिवाळ्यात समाधी आतून बंद असते, पण बाहेरच्या पायऱ्या आणि समोरचं दृश्य बारा महिने खुलं.

राणीची गोष्ट इथे संपत नाही, आणि ती कळली की शहर जवळचं वाटू लागतं. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५मध्ये फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं बुडाली, व्युर्टेमबेर्गमध्ये दुष्काळ पडला. कॅथरीनाने राज्यभर मदतकार्य उभं केलं, आणि गोरगरिबांना चार पैसे शिल्लक टाकता यावेत म्हणून १८१८मध्ये बचत बँक काढवली. त्याच वर्षी शेती सावरावी म्हणून कान्श्टाटचा शेतीमेळा सुरू झाला. सप्टेंबरअखेर तुम्ही वाझेन मैदानावर फोक्सफेस्ट या ज्या जत्रेला जाता, ती हीच. होहेनहाइमची शेतीशाळाही १८१८ची. आज तिचं विद्यापीठ झालं आहे आणि तिथे आपली मुलं शिकतात.

माथ्यावरून खाली नेकार नदी, तिच्या काठचे कारखाने, स्टेडियम आणि समोरच्या डोंगरावर १९५६चा टीव्ही टॉवर दिसतो. इथून उतरायला दोन वाटा. सोपी वाट मळ्यांमधून उल्बाखला जाते. पाऊण-एक तासाचा उतार, जवळजवळ सगळा डांबरी, बाबागाडीसुद्धा ढकलता येते. उल्बाख हे लाकडी चौकटींच्या घरांचं खेडं, जुन्या द्राक्षघाण्याच्या इमारतीत द्राक्षशेतीचं संग्रहालय आहे. तिथून ६२ नंबरची बस ओबरट्युर्कहाइम स्टेशनला आणून सोडते. ज्येष्ठांचे गुडघे दुखत असतील तर मात्र हा उतार टाळा. समाधी बघून परत ६१नेच खाली या. दुसरी वाट चालायची सवय असलेल्यांची. एगेलझेअर हायडे नावाच्या मोकळ्या माळावरून, थोडं जंगल ओलांडून ४६९ मीटरच्या काप्पेलबेर्गवर आणि तिथून फेलबाखमध्ये. थांबत-थांबत अडीच-तीन तास धरा. मुलं बरोबर असतील तर डबा या माळावरच उघडा, धावायला भरपूर जागा आहे.

रोटेनबेर्ग झालं की पुढच्या वेळी रेम्सटाल, म्हणजे रेम्स नदीचं खोरं. एस-२ने एन्डर्सबाख, तिथून बसने श्ट्र्युम्फेलबाख. गावामागच्या मळ्यांतून शिल्पांची वाट काढलेली आहे: फ्रिट्स नुस आणि त्यांचे चिरंजीव कार्ल उलरिश नुस यांची ब्राँझची शिल्पं चक्क द्राक्षवेलींच्या रांगांमध्ये उभी आहेत. तिकीट नाही, फाटक नाही. कंटाळणाऱ्या मुलांना चालतं ठेवायला याहून चांगली वाट माझ्या माहितीत नाही, पुढचं शिल्प दिसलं की ती आपणहून पळतात.

तिसरी वाट जरा लांबची, हेसिगहाइमचे फेल्झेनगेर्टेन, म्हणजे खडकांच्या बागा. श्टुटगार्टहून हाइलब्रॉनकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने बेसिगहाइमला उतरायचं. एन्त्स नदी इथे नेकारला मिळते, आणि नदीकाठचं हे जुनं गावच अर्धा दिवस खाईल. पुढे बसने किंवा पायी हेसिगहाइम. नदीच्या वळणावर मळ्यांच्या माथ्याशी चुनखडीचे सुटे कडे उभे आहेत. कड्यांमध्ये खोल भेगा आहेत आणि कठडा सगळीकडे नाही, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका. पावसानंतर तर जाऊच नका.

इथले उभे, दगडी बांधांचे मळे पाहताना थोडं थांबा. नाशिककडच्या मांडवावरच्या द्राक्षांची सवय असलेल्याला हे वेगळंच वाटतं. यंत्र चालत नाही इतका उतार, म्हणून छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळं हाताने. मातीचूना न वापरता रचलेले बांध ढासळले की पुन्हा हातानेच रचायचे. पुष्कळ बागायतदार नोकरी सांभाळून एवढासा मळा करतात आणि माल गावच्या सहकारी संस्थेला घालतात. आपल्याकडे ऊस कारखान्याला घालतात तसंच. ही मेहनत परवडत नाही म्हणून काही उभे मळे पडीक पडू लागले आहेत. म्हणूनच वाटेत गावची वाइन किंवा द्राक्षरस विकत घ्या असं मी आग्रहाने सांगतो. ट्रॉलिंगर ही हलकी लाल वाइन जर्मनीत जवळपास याच भागात होते.

आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते एप्रिलमध्ये उतरतात, इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तोडणीच्या आधी काही मळ्यांतल्या वाटा बंद करतात. 'गेश्पेर्ट' अशी पाटी दिसली की मुकाट्याने दुसरी वाट धरा. एक घडही तोडू नका, तोडणीनंतर वेलीवर राहिलेलाही नाही. मागून ट्रॅक्टर आला तर बाजूला व्हा, तो कामावर आहे. आणि समोरून येणाऱ्याला 'ग्र्युस गॉट' म्हणा. शहरात कोणी बोलत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मळ्यातली हीच माणसं वाट दाखवायला थांबलेली दिसतील.

दाराबाहेर झाडू टांगलेला दिसला तर तो बेझन, म्हणजे बागायतदाराने आपल्याच घरात किंवा गोठ्यात मांडलेली खानावळ. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीस खुर्च्यांपर्यंतच चालवायची मुभा असते. अनोळखी माणसं एकाच बाकावर बसतात, आणि जर्मन बोलायची भीती इथे मोडते. रोख पैसे ठेवा. शाकाहारी असाल तर नीट विचारा: माउलटाशन या सारण भरलेल्या पिठाच्या पदार्थात बहुधा मांस असतं, शरद ऋतूतल्या कांद्याच्या केकमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्येही पुष्कळदा मांसाचं पाणी घालतात. केझश्पेट्स्ले (चीज घातलेल्या पिठाच्या जाड शेवया) चालतं, आणि मसूर-श्पेट्स्ले सॉसेज वगळून मागता येतं. वाइन नको असेल तर द्राक्षरस, कोणी आग्रह करत नाही.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून पाणी आणि खाणं शनिवारीच घ्या. वाटेवरच्या झाडा-खांबांवर वाट दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या दिसतील. १८८८पासून चालत आलेल्या श्वेबिशर आल्बफेराइन या पदभ्रमण संस्थेचे स्वयंसेवक त्या रंगवतात. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर जंगलात धूम्रपानाला बंदी आहे.

एक गोष्ट मात्र टाळू नका, ती म्हणजे गोचिडीची लस. हा सगळा भाग गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याच्या क्षेत्रात येतो. तीन डोस असतात, सरकारी आरोग्यविमा खर्च उचलतो, हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, नुसतं विचारायचं. लस असली तरी घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांत पाहा. चावल्या जागी काही दिवसांनी लाल वर्तुळ पसरू लागलं तर लगेच डॉक्टर गाठा; बोरेलिओज या गोचिडीतूनच होणाऱ्या दुसऱ्या आजाराला लस नाही, पण प्रतिजैविकं वेळेवर मिळाली तर तो बरा होतो.

आणि निघण्याआधी परतीची बस पाहून ठेवा. थांब्यावरच्या वेळापत्रकात सोमवार ते शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे वेगळे रकाने असतात, काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवशीच. खेड्यांत संध्याकाळी बसऐवजी रुफटॅक्सी असते, ती आधी फोन करून सांगितली तरच येते. सुट्ट्यांत रेल्वे रुळांची कामं काढते, तेव्हा एसईव्ही लिहिलेली बदली बस शोधावी लागते. व्हीव्हीएस या इथल्या वाहतूक संस्थेच्या अ‍ॅपमध्ये सकाळीच पाहून घ्या. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, त्या दिवसांत दुपारी बारानंतर लांबच्या वाटेला निघू नका. रोटेनबेर्ग तेव्हाही जमतं.