कॉम्पॅक्ट की मिडसाइज एसयूव्ही? कुटुंबासाठी गाडी निवडताना या चुका टाळा

आपल्याकडे चार मीटरच्या आतली (कॉम्पॅक्ट) आणि चार मीटरच्या पुढची (मिडसाइज) असे एसयूव्हीचे दोन गट पडले, ते मुळात करआकारणीमुळे. गाडीची लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. यांपैकी एकही अट मोडली की तो ४० टक्के होतो. नेक्सॉन आणि सॉनेट या दोन्ही गाड्यांची लांबी नेमकी ३९९५ मिलिमीटरवर येऊन थांबते, त्याचे कारण हेच आहे. मागच्या सीटवर तीन मोठी माणसे नीट बसतील का, आजींना चढता-उतरता येईल का, गणपतीला गावी जाताना सगळे सामान मावेल का, या प्रश्नांशी त्या मर्यादेचा काहीही संबंध नाही. तरीही बहुतेक कुटुंबे आधी गट ठरवतात आणि मग त्या गटातली गाडी शोधतात. माझ्या मते पुढच्या बहुतेक चुका या उलट्या क्रमातूनच होतात.

लांबीवरून बाकीची मापे गृहीत धरणे

“आमच्या सोसायटीचे पार्किंग अरुंद आहे, म्हणून कॉम्पॅक्टच घेऊ” हे वाक्य शोरूममध्ये सतत ऐकू येते. आता मापे पाहा. मिडसाइज गटातल्या क्रेटाची रुंदी १७९० मिलिमीटर आहे. कॉम्पॅक्ट गटातल्या ब्रेझाचीही तितकीच आहे, नेक्सॉनची १८०४ आणि एक्सयूव्ही ३एक्सओची १८२१ आहे. कुशाक ही मिडसाइज गटातलीच दुसरी गाडी तर १७६० मिलिमीटरचीच आहे. म्हणजे दोन खांबांच्या मध्ये गाडी उभी करून दार उघडण्याची अडचण असेल, तर कॉम्पॅक्ट घेऊन ती सुटत नाही, उलट काही वेळा वाढते. उंचीचेही तसेच आहे. क्रेटा १६३५ मिलिमीटर उंच आहे आणि ब्रेझा १६८५. मुंबई-पुण्यातल्या अनेक इमारतींतील यांत्रिक पार्किंगमध्ये काही कप्पे फक्त सेडानच्या उंचीचे असतात आणि तिथे या दोन्ही गटांतल्या गाड्या सारख्याच अडतात.

छोट्या गाडीचा खरा फायदा लांबीत आहे. तेहतीस-चौतीस सेंटिमीटर कमी लांबीमुळे गल्लीत वळवणे, रस्त्याकडेच्या जागेत घालणे आणि मागे भिंत असलेल्या जागेत उभी करणे नक्कीच सोपे जाते. म्हणून बुकिंग करण्याआधी आपल्या जागेची लांबी, खांबांमधली रुंदी आणि वर पाइप किंवा तुळई असेल तर तिथली उंची टेपने मोजून घ्यावी. कंपनी जी रुंदी छापते तिच्यात बाजूचे आरसे बहुधा धरलेले नसतात, आणि चालकाच्या बाजूचे दार माणूस उतरेल इतके उघडायला आणखी निदान दोन फूट लागतात. यांत्रिक पार्किंग असेल तर उंची आणि वजनाची मर्यादा सोसायटीच्या कार्यालयातून लेखी घ्यावी, कारण यंत्रावर लावलेली पाटी पुष्कळदा पुसट झालेली असते.

मागच्या सीटची परीक्षा दोघांनीच करणे

शोरूममध्ये नवरा चालकाच्या जागी बसतो, बायको शेजारी बसते, मुले मागे उड्या मारतात आणि “जागा भरपूर आहे” असा निर्णय होतो. ज्यांना त्या सीटवर सहा-सात तास काढायचे आहेत, ते आई-बाबा घरी असतात. त्यांना बरोबर नेणे हा या खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तोच सर्वाधिक टाळला जातो.

परीक्षा अशी करावी. घरात जो सर्वांत जास्त गाडी चालवणार आहे त्याने पुढची सीट आपल्या सवयीप्रमाणे लावावी आणि ती तशीच ठेवून मागे तीन मोठी माणसे दहा मिनिटे बसवावीत. गुडघ्यांपुढची जागा सगळेच पाहतात. पण मांडीला सीटचा आधार गुडघ्याजवळपर्यंत मिळतो का, मधल्या माणसाच्या पाठीत हातटेकणीचा कडक भाग टोचतो का, त्याचे पाय कुठे जातात, त्याला डोकेटेकणी आणि तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे का, आणि तिघांचे पट्टे एकमेकांच्या खाली न अडकता लागतात का, हे बसल्यावरच कळते. दारातून आत जाताना मागच्या चाकाची कमान पायात येते का, हेही पाहावे. गुडघेदुखी असलेल्या माणसाला सीट फार उंच असली तर चढताना त्रास होतो आणि फार खाली असली तर उठताना होतो. बसल्यावर कंबर जवळपास सरळ आडवी सरकून बाहेर यावी, इतकी उंची त्यांच्यासाठी उत्तम.

इथेही गटाचे नाव फसवते. नेक्सॉनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २४९८ मिलिमीटर आहे आणि क्रेटाचा २६१०. हा फरक साधारण अकरा सेंटिमीटरचा आहे आणि तो मागे बसल्यावर जाणवतो. पण एक्सयूव्ही ३एक्सओ चार मीटरच्या आत राहूनही २६०० मिलिमीटरचा व्हीलबेस देते, जो मिडसाइज गटातल्या ग्रँड विटाराइतकाच आहे. तेव्हा गुडघ्यांपुढच्या जागेसाठी मिडसाइजच हवी असे नाही. तीन खांद्यांच्या रुंदीत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नसतो, कारण बाहेरची रुंदीच सारखी असते. मागे तीन धडधाकट माणसे रोज बसणार असतील, तर या दोन्ही गटांतल्या बहुतेक गाड्या कमी पडतील, हे आधीच मान्य केलेले बरे. लहान मुलांच्या दोन स्वतंत्र सीट लावल्यावर मध्ये मोठे माणूस बसवण्याचा बेतही बहुधा फसतो. मुलांची सीट घरी असेल तर ती शोरूममध्ये नेऊन बसवून पाहावी.

डिकीचे लिटर मोजणे, सामान न मोजणे

कागदावर नेक्सॉनची डिकी ३८२ लिटरची, क्रेटाची ४३३ आणि एलिव्हेट या दुसऱ्या मिडसाइज गाडीची ४५८ लिटरची आहे. ब्रेझाची ३२८ लिटरची. या आकड्यांवरून अंदाज येतो, पण बॅगा उभ्या राहतात की आडव्या, हे डिकीच्या आकारावर ठरते. डिकीचा उंबरा उंच असेल तर जड बॅग आधी कमरेच्या वर उचलावी लागते. चार दिवसांच्या प्रवासाला आपण नेहमी नेतो त्या दोन मोठ्या बॅगा, मुलाची बाबागाडी किंवा आजोबांची चाकाची खुर्ची खरोखर डिकीत ठेवून पाहावी. विक्रेत्याला त्यात वावगे वाटण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठा फटका इंधनाच्या निवडीत बसतो. सीएनजीचा एकच मोठा सिलिंडर डिकीत असेल, तर कोकणात जायच्या दिवशी डिकी जवळजवळ नसल्यातच जमा होते. नेक्सॉन सीएनजीत दोन लहान सिलिंडर तळाशी बसवल्यामुळे ३२१ लिटर जागा उरते, तर व्हिक्टोरिस या मिडसाइज गाडीत टाकी गाडीच्या पोटाखाली आहे. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोलबरोबर बॅटरीवरही चालणाऱ्या रूपात, बॅटरीमुळे डिकी २६५ लिटरपर्यंत खाली येते, म्हणजे या मोठ्या गाडीत लहान गाडीपेक्षा कमी सामान मावते. म्हणून जी गाडी घ्यायची आहे तिच्या नेमक्या व्हेरिएंटची डिकी उघडून पाहावी. शोरूममध्ये उभी असलेली गाडी बहुधा साध्या पेट्रोलची असते.

मोठी गाडी म्हणजे जास्त ताकद, हा समज

ब्रेझा आणि ग्रँड विटाराचे साधे पेट्रोल रूप यांत एकच १४६२ सीसीचे इंजिन आहे, सुमारे १०३ पीएस ताकदीचे आणि १३७ न्यूटन मीटर टॉर्कचे, म्हणजे चाके फिरवणाऱ्या जोराचे. गाडी मोठी झाली आणि इंजिन तेच राहिले, तर चढावर फरक कोणत्या दिशेने पडेल हे उघड आहे. क्रेटाचे साधे १.५ लिटर पेट्रोल इंजिन १४४ न्यूटन मीटर टॉर्क देते, नेक्सॉनचे १.२ लिटर टर्बो (जादा हवा आत दाबून जोर वाढवणारे) पेट्रोल १७० देते. शहरात एकट्याने चालवताना साधे इंजिन गोड वाटते, पण कुंभार्ली किंवा आंबोली घाटात पाच माणसे, भरलेली डिकी आणि चालू एसी असताना तेच इंजिन सारखे दुसऱ्या गिअरमध्ये ओरडू लागते. टर्बोची अडचण वेगळी आहे. तीव्र वळणावर वेग कमी झाला आणि इंजिनाचे फेरे पडले, तर पुन्हा जोर येईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. यावर उपाय म्हणजे टेस्ट ड्राइव्ह घरच्या चार-पाच माणसांसह घ्यावी आणि रस्त्यात एखादा खडा चढ किंवा उड्डाणपुलाचा चढ धरावा. विक्रेत्याच्या ठरलेल्या सपाट फेरीतून यातले काहीही समजत नाही.

डिझेलबाबत एक सूचना. एप्रिल २०२० पासूनच्या, बीएस ६ या प्रदूषण निकषाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि तो स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात धावावी लागते. मुलांची शाळा, भाजी मंडई आणि चार किलोमीटरवरचे ऑफिस एवढाच वापर असेल, तर मिडसाइज असो वा कॉम्पॅक्ट, डिझेल घेऊ नये.

शोरूम किमतीवर तुलना करणे

टॉप व्हेरिएंटची कॉम्पॅक्ट आणि खालच्या व्हेरिएंटची मिडसाइज या दोघींच्या किमती जवळ येतात आणि मन डळमळते. तुलना नेहमी ऑन-रोड किमतीत, म्हणजे कर आणि विमा धरून होणाऱ्या किमतीत, करावी. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांदरम्यान १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी वाहन कर आहे. डिझेलला हे दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. उदाहरणार्थ, ९ लाख ८० हजारांच्या पेट्रोल गाडीवर १ लाख ७ हजार ८०० रुपये कर होतो आणि १० लाख २० हजारांच्या गाडीवर १ लाख २२ हजार ४००. किमतीतला फरक चाळीस हजारांचा दिसतो, पण कर धरून तो साडेचोपन्न हजारांच्या पुढे जातो. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएसही (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा प्राप्तिकर) घेतो. तो प्राप्तिकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण अनेक जण ते विसरतात.

चार मीटरच्या आतली प्रत्येक गाडी कराच्या दृष्टीने छोटी असते, हाही गैरसमज आहे. ब्रेझाचे इंजिन १२०० सीसीच्या पुढचे असल्यामुळे तिच्यावर मोठ्या गाड्यांचाच ४० टक्के जीएसटी आहे. तृतीयपक्ष विमा मात्र लांबीवर नसून सीसीवर ठरतो, आणि १००० ते १५०० सीसीचा गट एकच असल्यामुळे १२०० सीसीची नेक्सॉन आणि १४९७ सीसीची क्रेटा यांत तो हप्ता सारखाच येतो. खर्चात नंतर वाढ होते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, टायरांत आणि इंधनात. वरच्या व्हेरिएंटला १६ ऐवजी १७ किंवा १८ इंचांची चाके असतील, तर बदलण्याच्या वेळी चार टायरांचा खर्च विचारून ठेवावा.

किमती जवळ आल्या तर माझा कल स्पष्ट आहे. सहा एअरबॅग आणि स्थिरता नियंत्रण दोन्हींत असेल, तर सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनसाठी कॉम्पॅक्टचे टॉप व्हेरिएंट घेण्यापेक्षा, मागे मोठी माणसे नियमित बसणार असतील तर मिडसाइजचे मधले व्हेरिएंट घ्यावे. चौघांचे कुटुंब असेल, मुले लहान असतील आणि वापर मुख्यतः शहरात असेल, तर मिडसाइजवर जास्तीचे पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

लांब गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, असेही समजू नये. नेक्सॉन आणि एक्सयूव्ही ३एक्सओ या चार मीटरच्या आतल्या गाड्यांना भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे आहेत. ज्या मॉडेलचा विचार आहे त्याचा चाचणी अहवाल स्वतः वाचावा आणि त्यात प्रौढांबरोबर मुलांसाठीचे गुणही पाहावेत.

गाडी घरी आल्यावर वाटणाऱ्या उणिवा

कॉम्पॅक्ट घेतल्यावर “पाच माणसे बसली की गाडी मागून दबते, गतिरोधकाला तळ घासतो” ही तक्रार वारंवार येते. आधी चालकाच्या दाराजवळच्या खांबावरचे स्टिकर पाहावे. त्यावर टायरमधल्या हवेचे बहुधा दोन आकडे असतात, एक नेहमीच्या वापराचा आणि दुसरा पूर्ण भाराचा. पंपावरचा माणूस सरसकट ठरावीक हवा भरतो आणि पूर्ण भाराचा आकडा बहुतेकांनी वाचलेलाच नसतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरून घ्यावी. जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकवून तळाशी ठेवावे. छपरावर सामान बांधण्याआधी पुस्तिकेतली छपराची भारमर्यादा वाचावी, कारण काही गाड्यांवरच्या रेल केवळ शोभेच्या असतात. एवढे करूनही तळ घासत असेल, तर स्प्रिंग बदलण्याच्या भानगडीत न पडता सस्पेन्शन अधिकृत केंद्रात तपासून घ्यावे. बाहेरून उंची वाढवल्यास वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते.

मिडसाइज घेतलेल्यांची अडचण बहुतेक वेळा पार्किंगची असते. मागचा कॅमेरा असूनही पुढचा कोपरा खांबाला लागतो, कारण उंच बॉनेटमुळे पुढचे टोक दिसत नाही. पुढचे सेन्सर नंतर बसवून मिळतात, पण वायरिंग कापून बसवल्यास वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून ते काम अधिकृत केंद्रातच करावे. डिझेल गाडीत डीपीएफचा दिवा लागला, तर लगेच गाडी बंद न करता पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे स्थिर वेगात चालवावी. दिवा विझला नाही किंवा इंजिनाची ताकद कमी झाली, तर मात्र पुढे न रेटता सर्व्हिस केंद्र गाठावे.

रात्री समोरचे वाहनचालक सारखे डिपर देत असतील, तर हेडलाइटच्या उंचीचे बटण पाहावे. स्टीअरिंगच्या उजवीकडे शून्यापासून आकडे असलेली छोटी चकती बहुतेक गाड्यांत असते. डिकी आणि मागची सीट भरली की गाडीचे नाक वर होते आणि दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी चकती एक-दोन आकडे पुढे फिरवावी आणि सामान उतरल्यावर पुन्हा शून्यावर आणावी.