संध्याकाळचा हट्ट: आधी घड्याळाकडे बघा, मग मुलाकडे

मुलांना न्यायला आलेल्या आया बालवाडीच्या दारात हमखास सांगतात, "ताई, दिवसभर शहाण्यासारखा असतो हो, पण संध्याकाळ झाली की अंगात येतं त्याच्या." तीन-चार वर्षांच्या मुलाचा हट्ट बहुतेक वेळा ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागीच येतो. म्हणून आठवडाभर नुसतं टिपून ठेवा: रडारड किती वाजता झाली, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं, दुपारी झोपला होता का. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दोन शब्द लिहिले तरी पुरे.

बऱ्याच घरांत उत्तर तिथेच सापडतं. जेवण साडेआठला होणार असेल तर सहाच्या आत पोटात काहीतरी भक्कम जाऊ द्या. केळं, शेंगदाण्याचा लाडू, नाहीतर तूप-गूळ लावून गुंडाळलेली पोळी. झोपेचंही तसंच. तीन-चार वर्षांच्या मुलाला, दुपारची धरून, १० ते १३ तास झोप लागते. रात्री अकराला झोपून सकाळी सातला उठवलेलं मूल दुपारीही झोपलं नाही, तर संध्याकाळी ते किरकिरणारच. त्याला शिस्त लावायची ती वेळ नव्हे, त्याला लवकर जेवू घालायची वेळ आहे.

पोट भरलंय, झोप झालीय आणि तरी हट्ट आहे, मग काय?

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात वेफर्सच्या माळा बरोबर मुलांच्या नजरेसमोर लोंबतात. बाबा म्हणतात नाही. मुलगा पुन्हा मागतो, बाबा पुन्हा नाही म्हणतात. मुलगा फरशीवर अंग टाकतो, गिऱ्हाइकं वळून बघतात आणि बाबा पाच रुपयांचं पाकीट तोडून त्याच्या हातात देतात. "नाही" म्हणजे "अजून थोडं ओरड", हे त्या मुलाला आता पक्कं कळलं. माझं कळकळीचं सांगणं आहे, द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीलाच हसतमुखाने द्या. नसेल द्यायचं, तर रडल्यावर मुळीच देऊ नका. घरातून निघतानाच सांगा, "आज फक्त साबण आणि डाळ आणायची. साबण तू मागायचास." तरीही लोळण घेतली तर शेजारी उकिडवं बसा, डोकं आपटणार नाही एवढं बघा आणि एकदाच म्हणा, "तुला हवं होतं, मिळालं नाही, म्हणून रडू येतंय." पुढे बोलू नका. रडणं थांबलं की पाणी द्या. प्रवचन नको. सुरुवातीला रडणं वाढेलही, कारण पूर्वी जे चालत होतं ते तो आणखी जोर लावून करून बघतो. तेव्हाच घरातल्यांचा धीर सुटतो. सासूबाईंशी, आजोबांशी हे आधी बोलून ठेवा, पण मुलासमोर नाही.

"सांडू नको" ऐकून लहान मुलाला नेमकं काय करायचं ते कळत नाही. "पेला दोन्ही हातांनी धर" हे कळतं. कौतुकही असंच नेमकं करा. नुसतं "शहाणं माझं बाळ" म्हणण्यापेक्षा "चपला जोडीने ठेवल्यास" म्हणा, उद्या पुन्हा ठेवेल. निवड करायला द्या, पण दोनातलीच: लाल सदरा की निळा? "आंघोळ करतोस का?" असं विचारलंत तर "नाही" ऐकायची तयारी ठेवा.

मोबाइल काढून घेताना "दोन मिनिटांत बंद" म्हणून उपयोग नसतो, एवढ्या वयात मिनिटं समजत नाहीत. "हे गाणं संपलं की तू बटण दाब" असं सांगा आणि पुढचं गाणं आपोआप सुरू होणार नाही अशी सोय आधीच करा. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. मोबाइल गेला की हात रिकामे होतात, म्हणून लगेच काम द्या. इटलीच्या मारिया मॉन्टेसोरी यांचा बालशिक्षणाचा विचार आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या मुलांपर्यंत नेला. मुलाच्या हाताला खरं काम द्यायचं, हा त्यातला गाभा. मटार सोलणं, मेथीची पानं खुडणं, ताटं मांडणं, कणकेचा गोळा लाटणं. स्वयंपाकाला थोडा उशीर होईल, होऊ द्या.

मूल पडलं की आपण जमिनीला चापट मारतो, "कोणी पाडलं आमच्या बाळाला?" दुखलं की दुसऱ्याला मारायचं, हे ते तिथूनच उचलतं. त्याऐवजी लागलेल्या जागी फुंकर घाला. त्याने भावाला मारलं, तर हात धरून "मारायचं नाही" एवढंच म्हणा आणि आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्या.

आणि "डॉक्टरकाका इंजेक्शन देतील", "पोलीस धरून नेतील" हे कृपा करून बंद करा. पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला बूस्टर लस द्यायचीच असते. तेव्हा त्याच डॉक्टरकाकांसमोर त्याला विश्वासाने बसवायचं असतं.

मूल स्वतःला इजा करून घेत असेल, रडता रडता निळं पडत असेल, किंवा तीन वर्षांचं होऊनही दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, तर हट्ट म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि कॅलेंडरवर टिपलेलं सोबत न्या.