चामडे आणि पत्रा : लार्पसाठी शिरस्त्राण घडवताना

लाईव्ह-ॲक्शन रोलप्ले, म्हणजेच लार्प, या पात्रांचा वेश घेऊन प्रत्यक्ष वावरत खेळायच्या खेळासाठी चिलखते बनवण्याचे काम शिकू पाहणाऱ्यांना मी शिरस्त्राण लवकर हाती घ्यायला सांगते. हाताच्या किंवा पोटरीच्या चिलखतात सपाट चामडे वाकवून भागते. डोक्यासाठी मात्र त्याला दोन्ही दिशांनी फुगवटा द्यावा लागतो आणि त्यावर पत्र्याची चौकट बसवताना दोन अगदी भिन्न स्वभावांचे पदार्थ एकत्र नांदवावे लागतात. चामडे ओले असताना ताणले जाते आणि वाळताना आकसते. पत्रा पाण्याने तसूभरही हलत नाही. म्हणूनच या कामात हाताच्या सफाईइतकाच कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. चामड्याचे पाण्याशी असलेले सगळे व्यवहार आधी पूर्ण करावेत आणि मगच त्याला धातू लावावा.

पहिल्या प्रयत्नासाठी युरोपात इसवी सनाच्या सहाव्या शतकात वापरात असलेल्या स्पांगेनहेल्म नावाच्या शिरस्त्राणाची रचना उत्तम आहे. कपाळाभोवती एक पट्टी, तिच्यावरून माथ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या आणि मधल्या जागांत चार पाकळ्या अशी ती असते. मूळ शिरस्त्राणांत पाकळ्याही बहुधा धातूच्या असत. आपण त्या चामड्याच्या केल्या, तर वजन बरेच कमी होते.

मापाच्या बाबतीत घाई करू नये. डोक्याचा घेर ५८ सेंटिमीटर असेल आणि आत सगळीकडून १ सेंटिमीटर जाडीचे अस्तर द्यायचे असेल, तर घेर सुमारे ६.३ सेंटिमीटरने वाढतो; ४ मिलिमीटर जाडीच्या चामड्यामुळे त्यात आणखी अडीच सेंटिमीटरची भर पडते. म्हणजे बाहेरची पट्टी ६७ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि जोडासाठी टोकावर टोक चढवण्याची लांबी त्याहून वेगळी. शिवाय डोके गोल नसून लांबट असते, त्यामुळे कपाळ ते मागचा भाग आणि कान ते कान ही अंतरेही मोजावीत. पूर्ण आकार आधी पुठ्ठ्यात करून अस्तरासह डोक्यावर घालून पाहावा. पुठ्ठा वाया गेला तरी चालतो.

चामडे वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले आणि ३.५ ते ४ मिलिमीटर जाडीचे घ्यावे. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले चामडे ओले करून दिलेला आकार नीट धरून ठेवत नाही. पाकळ्या कोमट पाण्यात बुडवल्यावर त्यांतून बुडबुडे येतात. ते थांबले की बाहेर काढून ठेवाव्यात. पृष्ठभागाचा रंग मूळ छटेकडे परतू लागला, पण गालाला लावल्यावर चामडे अजून थंड लागते, ती आकार देण्याची योग्य वेळ. लाकडी साच्यावर ठेवून अंगठ्याने मध्यापासून कडांकडे दाबत जावे. कडांना पडणाऱ्या चुण्या ओल्या असतानाच जिरवाव्या लागतात. नंतर सावलीत वाळू द्यावे, थेट आच देऊ नये. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही क्षण बुडवून चामडे कडक करण्याची जुनी रीत आहे, पण त्याने ते आकसते आणि जास्त वेळ राहिल्यास ठिसूळ होते, म्हणून ती आधी चामड्याच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहावी.

पट्ट्यांसाठी १ ते १.२ मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी किंवा पितळी पत्रा पुरतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कधीही तापवू नये. त्याचा धूर अपायकारक असतो. प्रत्येक कड कानशीने गोल करून तिच्यावरून बोट फिरवून पाहावे.

आता दोघांची गाठ घालायची. लोखंड आणि ओलसर, टॅनिनयुक्त चामडे एकत्र आले की निळसर-काळे डाग पडतात आणि ते सहसा निघत नाहीत. घामानेही हेच घडते, म्हणून पट्टीच्या आतल्या बाजूला लॅकरचा थर द्यावा आणि चामडे रंगवून, पूर्ण वाळवून, मेण लावूनच जोडणीला घ्यावे. तांब्याचे रिव्हेट (टोक ठोकून पसरवायचे खिळे) बाहेरून घालून आत वॉशर बसवावा, वॉशरवर साधारण रिव्हेटच्या व्यासाइतका भाग ठेवून बाकीचा कापावा आणि रिव्हेटचे डोके खाली टेकवून हलक्या, अनेक ठोक्यांनी टोक पसरवावे. एकाच जोरदार ठोक्याने रिव्हेट वाकतो आणि भोक फाकते. भोकेही सगळी एकदम पाडू नयेत. समोरासमोरचे रिव्हेट बसवत गेल्यास थोडाफार फरक सामावून घेता येतो.

लार्पमधील शस्त्रे फोमची असली आणि अनेक खेळांत डोक्यावर वार करण्यास मनाई असली, तरी शिरस्त्राणाला टोकदार शिंगे किंवा अडकणारे कोपरे ठेवू नयेत, आणि खऱ्या आघातापासून संरक्षण देणारी वस्तू म्हणून त्याकडे पाहू नये. बाजूंचे दिसणे आणि कानावर येणारा आवाज रोखला जाता कामा नये. हनुवटीचा पट्टा एका हाताने सुटेल असा करावा. अस्तर चिकटवण्याऐवजी सुटे ठेवावे, म्हणजे घामाने भिजल्यावर ते काढून वाळवता येते आणि आतल्या रिव्हेटांची तपासणीही होते.