व्हॅलेन्सियाचं जुनं शहर सायकलवरून: गाइडेड टूर निवडताना आणि चालवताना

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं व्हॅलेन्सिया तळहातासारखं सपाट आहे. चढ म्हणावा असा फक्त तुरिया नदीच्या कोरड्या पात्रातून वर रस्त्यावर येताना लागतो. त्यामुळे ई-बाइकसाठी जादा पैसे मोजू नका. वीस-पंचवीस किलोचं ते धूड गर्दीच्या गल्लीतून हाताने ढकलायची वेळ आली की नको होतं. साधी तीन किंवा सात गिअरची सायकल पुरते.

टूर मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी घ्या. तीन तासांत शहराचा नकाशा डोक्यात बसतो, पण बहुतेक टूरमध्ये वास्तू बाहेरूनच दाखवतात. कॅथेड्रलच्या मिगेलेते मनोऱ्याच्या २०७ पायऱ्या चढणं किंवा ला लोंखा या जुन्या रेशीमबाजाराच्या पिळदार खांबांखाली उभं राहणं, हे नंतर पायी करायचं. शेवटच्या दिवशी टूर घेतली, तर आवडलेल्या जागी परत जायला वेळच उरत नाही.

बुकिंग करताना चार गोष्टी विचारा: गटात किती जण, एकूण किती किलोमीटर, गाइड कोणत्या भाषेत बोलणार आणि लहान फ्रेम मिळेल का. उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. गट बाराच्या वर असेल तर दर सिग्नलला तो तुटतो आणि निम्मा वेळ वाट बघण्यात जातो. १६ वर्षांखालच्यांना स्पेनमध्ये हेल्मेट सक्तीचं आहे, त्यामुळे मुलांच्या मापाचं आधीच मागून ठेवा. मागच्या बेबी सीटची वजनमर्यादा बहुधा २२ किलो असते. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी नऊची किंवा संध्याकाळी सहानंतरची वेळ निवडा. १५ ते १९ मार्च या फायास उत्सवाच्या दिवसांत सायकल टूर घेऊच नका: रस्ते बंद, माणसांची रेटारेटी आणि पायाखाली फटाके.

सायकल हातात आली की निघायची घाई करू नका, पाच मिनिटं मागून घ्या. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा; पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. सवय सुटली असेल तर सीट दोन बोटं खाली घ्या. टायर अंगठ्याने दाबून बघा. सहज दबला तर हवा भरून मागा, कारण फरसबंदीच्या दगडांवर मऊ टायरची ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते. ओढणी, सैल पायजमा, बुटांची नाडी हे सगळं चेनपासून लांब खोचून घ्या.

आपल्याकडच्यांची खरी फसगत ब्रेकला होते. भारतात उजवी मूठ सहसा पुढच्या चाकाची. तिथे बहुतेक सायकलींना डावी मूठ पुढची असते. दचकून डावी करकचून दाबली की पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे. म्हणून आधी सायकल हाताने ढकलत एकेक मूठ दाबून खात्री करा. काही सायकलींना मागचा ब्रेक मुठीत नसतोच, पॅडल उलटं दाबलं की लागतो. अशा सायकलीचं पॅडल मागे फिरवून टांग मारायच्या जागी आणता येत नाही. मागचं चाक जरा उचलून पॅडल पुढे फिरवावं लागतं.

वाहतूक उजवीकडून चालते. सरळ रस्त्यावर हे लक्षात राहतं. चूक होते ती थांबून पुन्हा निघताना आणि डावीकडे वळताना. सायकलचा पट्टा बऱ्याच ठिकाणी दुहेरी असतो, त्यातही आपण उजव्या अर्ध्यातच राहायचं. फुटपाथवर चालवू नका, कानात इअरफोन घालू नका. दोन्हींना दंड आहे. पुढच्या सायकलपासून दोन सायकलींचं अंतर ठेवा. गाइड पुढे गेला आणि दिवा लाल झाला तर थांबा, तो पलीकडे थांबतोच. लाल दिवा तोडून गट गाठणाऱ्यांमुळेच गाइडच्या डोक्याला ताप होतो.

जुन्या शहराभोवतीचा सायकलमार्ग साधारण पाडलेल्या तटबंदीच्या रेषेने जातो. तट १८६५ मध्ये पाडला, वेशी मात्र राहिल्या. क्वार्त वेशीच्या बाहेरच्या अंगाला जा, १८०८ च्या फ्रेंच हल्ल्यातल्या तोफगोळ्यांचे खळगे तिथे आहेत. सेर्रानोस वेस मात्र शहराच्या बाजूने बघावी, तिची पाठ उघडी आहे. यादवी युद्धात माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली चित्रं इथे सुरक्षित ठेवली होती. या दोन वेशींमधल्या एल कार्मेनच्या गल्ल्यांत गर्दी दिसली की उतरून चाला. तिथला गुळगुळीत दगड ओला असला तर वळणावर ब्रेक मारू नका, वळायच्या आधीच वेग कमी करा.

सेर्रानोसपाशी पात्रात उतरलात की आरामच. १४ ऑक्टोबर १९५७ च्या महापुरानंतर नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवली. रिकाम्या पात्रात महामार्ग करायचं घाटत होतं. लोकांनी विरोध केला आणि तिथे सुमारे नऊ किलोमीटरची बाग झाली. जुने दगडी पूल तुम्ही खालून बघत जाता. वास्तुकार कालात्राव्हा यांच्या पांढऱ्याशुभ्र कला-विज्ञान नगरीपर्यंत अंतर साधारण चार किलोमीटर. पुढे टूर समुद्राकडे गेली तर ट्रामचे रूळ लागतात. ते काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर चाक खाचेत अडकतं.

थांब्यावर बॅग पुढच्या टोपलीत नुसती टाकू नका, पट्ट्याचे दोन वेढे हँडलला घाला.

मध्ये बहुधा ओर्चाताचा थांबा असतो. हे गार, गोड पेय चुफाच्या कंदांचं. चुफा म्हणजे आपल्या नागरमोथ्याचा जातभाई. दूध त्यात नसतं. सोबतच्या फार्तोन पावात मात्र अंडं असू शकतं, विचारून घ्या.

टूर गुरुवारी असेल तर बारा वाजता कॅथेड्रलच्या अपोस्तोलेस दारापाशी पोचता येईल का, ते गाइडला निघतानाच विचारा. पाटाच्या पाण्याचे तंटे तोंडी सोडवणारं जलन्यायालय तिथे दर आठवड्याला भरतं. तक्रार नसली तर काही मिनिटांत उठतं, म्हणून दहा मिनिटं आधी उभं राहावं. सायकल परत केल्यावर जेवणाआधी मेर्कादो सेंत्राल गाठा. हा बाजार दुपारी तीनला बंद होतो आणि रविवारी उघडतच नाही.