रेझिस्टच्या खाचांत गोळे बसवून चुंबकीय नॅनोठिपके करताय? या चुका टाळा

लिथोग्राफी (रेझिस्ट या प्रकाशसंवेदी थरात प्रकाशाने खाचा कोरणं) जमते, पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकच्या नॅनोगोळ्यांचा थरही जमतो. घोळ होतो तो दोन्ही एकाच सिलिकॉनवर आणताना, म्हणजे खाचांत गोळे बसवून, त्यांच्यामधल्या फटींतून चुंबकीय धातू टाकून, मग गोळे आणि रेझिस्ट काढून ठिपके मागे ठेवताना.

सगळ्यात महागात पडतं इथेनॉल. साध्या काचेवर थर लावताना गोळे असलेल्या पाण्याचा थेंब नीट पसरावा म्हणून त्यात ते मिसळायची सवय असते. इथे मात्र खाली पॉझिटिव्ह रेझिस्ट (प्रकाश पडलेला भाग डेव्हलपरमध्ये निघून जातो तो) आहे आणि तो इथेनॉलमध्ये विरघळतो. मायक्रोस्कोपखाली खाचांच्या कडा गोलसर झालेल्या आणि भोवती इंद्रधनुषी ओघळ दिसले, तर दोष गोळ्यांना देऊ नका. नुसतं डीआय (आयनमुक्त) पाणी वापरा. ते पसरत नसेल तर कमी पॉवरचा ऑक्सिजन प्लाझ्मा 10 सेकंद पुरतो. जास्त दिलात तर रेझिस्टच झिजतो.

खाचेची रुंदी अंदाजाने ठरवू नका. षटकोनी रचनेत ओळी एकमेकींत रुतून बसतात, त्यामुळे 500 नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांच्या चार ओळींना 2 नव्हे, 1.8 मायक्रोमीटर लागतात. उरलेल्या जागेत गोळे हलतात आणि रचना मध्येच चौकोनी होते. मास्कवरचा (खाचांच्या साच्यावरचा) आकडा धरू नका, डेव्हलप झालेली खाच एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) मोजा.

पुण्यात एप्रिलची कोरडी दुपार आणि जुलैची ओल यांत थेंब वाळण्याचा वेळ कितीतरी पटींनी बदलतो. भराभर वाळला की थराला भेगा पडतात. आर्द्रता-नियंत्रण नसेल तर नमुना किंचित तिरका ठेवून वर पेट्री डिश झाका, आणि वहीत आर्द्रता लिहाच.

पर्मलॉय (निकेल-लोखंडाचा चुंबकीय मिश्रधातू) स्पटर करू नका, म्हणजे आयनांच्या माऱ्याने उडवून बसवू नका. धातू गोळ्यांखाली शिरतो आणि ठिपके एकमेकांना जोडले जातात. ई-बीमने (इलेक्ट्रॉन झोताने धातूची वाफ करून), सरळ वरून, 20 नॅनोमीटर पुरे. लिफ्ट-ऑफला (गोळे आणि रेझिस्ट विरघळवून वरचा धातू काढायला) आधी टोल्युइन, मग अॅसिटोन. उलट केलंत तर गोळे नुसते फुगतात आणि चिकट पापुद्रा मागे राहतो. क्रॉसलिंक केलेले (साखळ्या एकमेकींना जोडलेले) गोळे टोल्युइनलाही दाद देत नाहीत, म्हणून बाटलीवरचं लेबल आधी वाचा.

राहिला चिमटा. 5 बाय 5 मिलिमीटरचा नमुना ठिपक्यांनी पूर्ण भरला तरी चुंबकीय आघूर्ण साधारण 3.6 गुणिले 10 चा उणे पाचवा घात ईएमयू (आघूर्णाचं एकक), म्हणजे 30 मायक्रोमीटरच्या लोखंडी कणाएवढंच. स्टीलच्या चिमट्याने कड धरली की तेवढा कण सहज चिकटतो, आणि व्हीएसएमवर (चुंबकीय आघूर्ण मोजणाऱ्या यंत्रावर) देखणा चुंबकीय लूप येतो तो त्याचाच. चिमटा प्लॅस्टिकचा घ्या, आणि ठिपके नसलेला तसाच एक तुकडा आधी मोजा.